सही करण्यापूर्वी : किडनीच्या रुग्णाची लिव्हर बायोप्सी

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरात रिपोर्टांची एक जाड फाईल असते. क्रिएटिनीन, युरिया, पोटॅशियम, हिमोग्लोबिन हे शब्द अशा घरातल्या दहावीतल्या मुलीलाही तोंडपाठ होतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस चार-चार तास मशीनवर काढायचे आणि मधल्या दिवसांत पाण्याचा घोटही मोजून प्यायचा. हे सगळे अंगवळणी पडत असते आणि एखाद्या दिवशी डॉक्टर सांगतात, "लिव्हरची बायोप्सी करावी लागेल. घरच्यांची सही लागेल." घर हादरते. आजार किडनीचा, मग मध्येच लिव्हर कुठून आले? पोटात सुई घालून तुकडा काढणार? आणि रक्त थांबलेच नाही तर?

अशा वेळी घरे दोन टोकांना जातात. काही घरांत "अब्बांना आता आणखी सुया नकोत" म्हणून सरळ नकार दिला जातो. काही घरांत "डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणजे बरोबरच असणार" म्हणून कागद न वाचता सही होते. दोन्हीत नुकसान रुग्णाचे होऊ शकते.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण मोहल्ल्यात इंग्रजी रिपोर्ट वाचून घ्यायला लोक शिक्षकाचेच दार ठोठावतात. त्यामुळे या विषयावर आम्हाला वाचावे लागले, जाणकारांना विचारावे लागले. इलाजाचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. सही करण्यापूर्वी काय विचारायचे ते घरच्यांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. किडनीच्या रुग्णाच्या फाईलमधले "नॉर्मल" आकडे दोन ठिकाणी फसवू शकतात. एका आकड्यामुळे लिव्हर ठीक आहे असे वाटते. दुसऱ्या आकड्यामुळे रक्त वेळेवर गोठेल असे वाटते. या दोन्ही ठिकाणची फसगत समजली की बायोप्सीची भीती योग्य मापात येते आणि तयारीही योग्य होते.

किडनीच्या आजारात लिव्हर मध्ये का येते?

आपल्या घरांत किडनीला गुर्दा आणि लिव्हरला जिगर म्हणतात. शरीरात दोघांची कामे वेगळी, पण एकाचे दुखणे दुसऱ्यापर्यंत पोहोचते. डायलिसिसच्या रुग्णांत याचे एक मोठे कारण म्हणजे हिपॅटायटिस सी हा विषाणू. तो रक्तातून पसरतो. त्याची ओळख १९८९ साली पटली आणि त्यानंतरच रक्तपेढ्यांना रक्त तपासून घेण्याचा मार्ग मिळाला. या शोधाच्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रुग्णाचे रक्त आठवड्यातून अनेक तास शरीराबाहेर नळ्यांतून फिरते, ज्याला अधूनमधून रक्त चढवावे लागते, त्याला या विषाणूचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणूनच डायलिसिस केंद्रात याची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा केली जाते.

हा विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहतो. ना कावीळ, ना दुखणे. आतून मात्र लिव्हरमध्ये हळूहळू जखमेसारखे व्रण साचतात. त्याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. व्रण फार वाढले की लिव्हर कडक आणि गाठीगाठीचे होते. तो सिरॉसिस.

पहिली फसगत इथे होते. लिव्हरला सूज आहे का ते पाहण्यासाठी एसजीपीटी आणि एसजीओटी या रक्ततपासण्या करतात. सर्वसाधारण माणसात लिव्हर बिघडले की हे आकडे चढतात. डायलिसिसच्या रुग्णात मात्र ते मुळातच खालच्या पातळीवर राहतात. त्यामुळे लिव्हरमध्ये बराच बिघाड असूनही एसजीपीटी "नॉर्मल" दिसू शकते. "एसजीपीटी तर चांगली आहे, मग लिव्हर कशाला तपासायचे?" या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो किडनी बदलायची वेळ येते तेव्हा. घरातली बहीण किंवा बीबी किडनी द्यायला तयार असते, तिच्या तपासण्या सुरू असतात. पण रुग्णाच्या लिव्हरची अवस्था कळल्याशिवाय डॉक्टर पुढे जाऊ शकत नाहीत. बदललेली किडनी शरीराने स्वीकारावी म्हणून नंतर कायम प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. लिव्हर आधीच खिळखिळे असेल तर ती औषधे आणि ते ऑपरेशन त्याला पेलत नाही. लिव्हरमध्ये व्रण आहेत पण काम नीट चालू आहे आणि आतल्या शिरांवर दाब वाढलेला नाही, अशा रुग्णात एकटी किडनी बदलता येते. दाब वाढलेला असेल, पोटात पाणी होत असेल, तर किडनी आणि लिव्हर दोन्ही बदलण्याचा विचार करावा लागतो. एक अवयव की दोन, एवढा मोठा फरक या तपासणीवर अवलंबून असतो.

हिपॅटायटिस सी सोडून इतरही कारणे असतात. टीबीच्या किंवा इतर औषधांनी लिव्हर बिघडले असावे अशी शंका येते. कावीळ होते पण कारण सापडत नाही. मधुमेह असलेल्या रुग्णाच्या लिव्हरमध्ये चरबी साठलेली असते. अमायलॉइडसारखा एखादा आजार किडनी आणि लिव्हर दोन्हींत एकाच वेळी शिरलेला असतो. अशा काही वेळा लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पक्के निदान होत नाही.

बायोप्सीत नेमके काय करतात?

नेहमीच्या पद्धतीत रुग्णाला पाठीवर झोपवतात आणि उजवा हात डोक्यामागे ठेवायला सांगतात. सोनोग्राफीने जागा ठरवतात, कातडी बधिर करतात आणि उजव्या बरगड्यांच्या मधून एक पोकळ सुई लिव्हरमध्ये नेऊन लगेच बाहेर काढतात. सुई लिव्हरमध्ये असते तेवढा वेळ श्वास रोखून धरावा लागतो. इटलीचे डॉक्टर मेंघिनी यांनी १९५८ मध्ये आपली पद्धत "एका सेकंदाची बायोप्सी" म्हणून मांडली होती. आजही सुई लिव्हरमध्ये असण्याचा वेळ तेवढाच थोडा असतो. मिळणारा तुकडा दोरीच्या धाग्यासारखा बारीक आणि साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब असतो. संपूर्ण लिव्हरच्या मानाने तो सुमारे पन्नास हजारावा भाग. "जिगरचा तुकडा काढणार" असे ऐकून मनात जे चित्र उभे राहते, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

मग धोका कशाचा? लिव्हर रक्ताने भरलेले असते. सुईच्या छिद्रातून रक्त बाहेर येते आणि एरवी काही वेळात आपोआप थांबते. क्वचित ते थांबत नाही आणि पोटात साचते. सर्वसाधारण रुग्णांत गंभीर रक्तस्राव काही हजारांत एखाद्यालाच होतो. किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात असेल तर हा धोका वाढतो. तो का वाढतो हे कळले म्हणजे तयारी कशासाठी तेही कळते.

हजेरी पूर्ण, पण काम अपुरे

एकदा शेजारचा तरुण वडिलांचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, अब्बांच्या प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर आहेत, नॉर्मल लिहिलंय. आयएनआरसुद्धा नॉर्मल आहे. तरी डॉक्टर म्हणतात रक्त गोठायला त्रास होईल, वेगळं इंजेक्शन द्यावं लागेल. मग रिपोर्ट खोटा की डॉक्टर?"

दोघेही खरे होते. आम्ही त्याला शाळेतले उदाहरण दिले. हजेरीपटावर साठपैकी साठ मुले हजर आहेत, पण अर्धी मुले तापाने फणफणलेली आहेत. हजेरीचा आकडा पूर्ण, अभ्यास मात्र होणार नाही. किडनीच्या रुग्णाच्या प्लेटलेट्सचे तसेच होते.

रक्तवाहिनीला छेद गेला की प्लेटलेट्स नावाचे बारीक कण तिथे धावतात, भिंतीला चिकटतात, एकमेकांना धरतात आणि भोक बुजवतात. किडनी काम करत नाही तेव्हा लघवीवाटे जायला हवीत ती विषारी द्रव्ये रक्तात साठतात. त्यांच्यामुळे प्लेटलेट्सची चिकटण्याची ताकद कमी होते. संख्या तीच राहते, काम मंदावते. प्लेटलेट्सची मोजणी हे काम मोजत नाही. आयएनआर ही तपासणी रक्तातली गोठवणारी प्रथिने पाहते, प्लेटलेट्सचे काम तीही पाहत नाही. म्हणून दोन्ही आकडे नॉर्मल असूनही रक्त थांबायला उशीर लागू शकतो. ही दुसरी फसगत.

यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. पहिली रक्तक्षय. लाल पेशी भरपूर असल्या की त्या वाहता वाहता प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. हिमोग्लोबिन सात-आठवर आले की हा धक्का कमी पडतो आणि प्लेटलेट्स भिंतीपर्यंत पुरेशा पोहोचत नाहीत. दुसरी हेपॅरिन. डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हे औषध देतात. त्याचा असर काही तास राहतो. तिसरी गोळ्या. किडनीच्या अनेक रुग्णांना हृदयाचाही आजार असतो आणि ते अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असतात.

यातली प्रत्येक गोष्ट आधी कळली तर तिच्यावर काही ना काही उपाय करता येतो. म्हणून घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : बायोप्सीशिवाय भागेल का?

पूर्वी लिव्हरमधले व्रण मोजण्याचा खात्रीचा मार्ग बायोप्सी हाच होता. २००३ च्या सुमारास फ्रान्समध्ये फायब्रोस्कॅन ही तपासणी पुढे आली. यात सुई नसते. बरगड्यांवर एक छोटे यंत्र टेकवतात, हलका ठोका देतात आणि त्याची लहर लिव्हरमधून किती वेगाने जाते ते मोजतात. लिव्हर जितके कडक, तितकी लहर वेगवान. दहा-पंधरा मिनिटांत तपासणी होते आणि रुग्ण चालत घरी जातो.

किडनीच्या आजाराविषयी जगभरच्या तज्ज्ञांनी केलेल्या केडिगो या मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्ये हिपॅटायटिस सी असलेल्या किडनीच्या रुग्णांसाठी हाच क्रम सांगितला : आधी सुई न लावता होणाऱ्या तपासण्या कराव्यात. लिव्हरच्या आजाराचे कारण स्पष्ट नसेल किंवा निरनिराळ्या तपासण्या एकमेकींशी जुळत नसतील, तर बायोप्सीचा विचार करावा.

फायब्रोस्कॅन करतानाही दोन गोष्टी पाळायला हव्यात. एक म्हणजे तपासणीआधी निदान तीन तास काही खाऊ नये. मधुमेहाच्या रुग्णाने या तीन तासांविषयी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट डायलिसिसच्या रुग्णासाठी खास महत्त्वाची. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात पाणी साठते, तसे लिव्हरमध्येही रक्त तुंबते आणि ते आहे त्यापेक्षा जास्त कडक दिसते. डायलिसिसनंतर तोच आकडा खाली येऊ शकतो. म्हणून ही तपासणी डायलिसिस झाल्यावर करणे बरे. सुजलेल्या अंगाने काढलेल्या एका आकड्यावर घाईने निर्णय झाला असेल, तर "डायलिसिसनंतर पुन्हा एकदा पाहता येईल का?" असे विचारण्यात गैर काही नाही.

काही सूत्रे नुसत्या रक्ताच्या आकड्यांवरून व्रणांचा अंदाज देतात. त्यांत एसजीओटी धरलेले असते आणि डायलिसिसच्या रुग्णात ते कमी असते. म्हणून अशा सूत्राचे उत्तर "सगळे ठीक" असे आले तरी तेवढ्यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न : कोणत्या वाटेने?

बायोप्सी लागणारच असेल तर ती पोटातूनच करावी असे नाही. दुसरी वाट मानेतून जाते. मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेत एक बारीक नळी घालतात. एक्सरेच्या पडद्यावर पाहत ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून पुढे लिव्हरच्या शिरेत नेतात आणि तिथून आतल्या आत तुकडा घेतात. ऐकायला ही वाट जास्त भयंकर वाटते. पण रक्त गोठण्याची अडचण असलेल्या रुग्णासाठी तिचा मोठा फायदा आहे. लिव्हरच्या बाहेरच्या आवरणाला भोक पडत नाही. छिद्रातून रक्त आलेच तर ते पोटात न सांडता पुन्हा शिरेतच जाते. शिवाय त्याच नळीने लिव्हरच्या शिरांमधला दाबही मोजता येतो. हा दाब १० किंवा त्याहून जास्त भरला तर तो गंभीर मानतात. एकटी किडनी बदलायची की दोन्ही अवयव, हे ठरवताना हाच आकडा डॉक्टरांना हवा असतो.

या वाटेच्याही मर्यादा आहेत. मिळणारा तुकडा लहान असतो, म्हणून अनेकदा दोन-तीन वेळा घ्यावा लागतो. नळी हृदयातून जाताना ठोके काही वेळ अनियमित होऊ शकतात. क्वचित आवरणाला आतून छेद जाऊ शकतो. शिरा नीट दिसाव्यात म्हणून आयोडीनचे औषध टोचावे लागते. ज्यांची किडनी अजून थोडीफार चालते त्यांच्यासाठी त्याचे प्रमाण कमीत कमी ठेवायला हवे. हे काम सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टचे आहे. ते प्रत्येक गावात होत नाही आणि खर्चही जास्त येतो.

डायलिसिसच्या रुग्णाची एक खास गोष्ट घरच्यांनी आठवणीने सांगावी. मानेची हीच शीर अनेकदा डायलिसिसचा कॅथेटर घालायला वापरलेली असते. पूर्वी कॅथेटर घातला होता का, कोणत्या बाजूला, किती दिवस, हे सांगितले तर डॉक्टर शीर आधी तपासून घेतील.

पोटातून बायोप्सी करायची असेल तर सोनोग्राफी पाहत केलेली बरी. काही रुग्णांच्या किडनीत आनुवंशिक पाण्याच्या गाठी असतात आणि त्यांच्या लिव्हरमध्येही तशाच गाठी सापडतात. सुईच्या वाटेत त्या येत नाहीत ना, ते पाहावे लागते. पोटात पाणी असेल तर ही वाट सहसा टाळतात. काही ठिकाणी सुई बाहेर काढताना तिची वाट जिलेटिनसारख्या पदार्थाने बुजवतात.

तिसरा प्रश्न : आधीची तयारी काय?

पहिली तयारी दिवस ठरवण्याची. डायलिसिस झाले की रक्तातली विषारी द्रव्ये कमी होतात आणि प्लेटलेट्स थोड्या बऱ्या काम करतात. म्हणून बायोप्सी सहसा डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवतात आणि आधीचे डायलिसिस हेपॅरिनशिवाय किंवा कमीत कमी हेपॅरिनवर करतात. इथे एक व्यावहारिक अडचण येते. डायलिसिस एका केंद्रात आणि बायोप्सी दुसऱ्या रुग्णालयात असेल तर एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचत नाही. तो निरोप घरच्यांनी स्वतः न्यावा, शक्यतो लेखी.

दुसरी तयारी हिमोग्लोबिनची. ते दहाच्या आसपास असावे असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. त्यासाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आणि लोह देतात, पण त्यांचा असर दिसायला काही आठवडे लागतात. बायोप्सीची घाई नसेल तर हे आठवडे वाया गेले असे समजू नये. रक्त चढवून हिमोग्लोबिन लगेच वाढते. पण ज्याला पुढे किडनी बदलायची आहे, त्याच्या शरीरात परक्या रक्तामुळे अशी प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात की नंतर जुळणारी किडनी मिळणे अवघड होते. म्हणून "एक बाटली चढवून टाका" असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

तिसरी तयारी गोळ्यांची. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांपैकी काय चालू आहे ते सांगावे. यातले काय आणि किती दिवस आधी थांबवायचे ते डॉक्टर ठरवतील. क्लोपिडोग्रेल थांबवायचे असेल तर साधारण आठवडाभर आधी थांबवावे लागते, म्हणून ही माहिती वेळेवर द्यावी. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने मनाने गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते. दुखण्यासाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि हकीम किंवा वैद्यांची औषधेही न लपवता सांगावीत. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली एक पुडी पुढे महागात पडू शकते.

चौथी तयारी रक्तदाबाची. तो फार चढलेला असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्या दिवशी रक्तदाब आटोक्यात नसेल आणि डॉक्टरांनी बायोप्सी पुढे ढकलली, तर "एवढ्या लांबून आलो" म्हणून वाद घालू नये.

पाचवी तयारी म्हणजे शेजारच्या तरुणाने विचारलेले ते इंजेक्शन. त्याचे नाव डेस्मोप्रेसिन. किडनीच्या रुग्णांत रक्त थांबायला लागणारा वेळ या औषधाने कमी होतो, हे १९८३ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवले. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साठवलेले एक चिकट प्रथिन हे औषध रक्तात सोडायला लावते आणि मंदावलेल्या प्लेटलेट्स त्याच्या आधाराने भिंतीला चिकटतात. साधारण तासाभरात असर सुरू होतो आणि चार ते आठ तास टिकतो. लागोपाठ दिले तर असर कमी होत जातो. म्हणून ते बायोप्सीच्या थोडे आधी, वेळ साधून देतात. काहींना चेहरा लालसर होणे, डोके दुखणे, रक्तदाब थोडा उतरणे असा त्रास होतो. ज्यांना अजून लघवी होते त्यांनी त्यानंतर पाणी डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे. हृदयविकार असेल तर तेही आधी सांगावे. हे इंजेक्शन प्रत्येक रुग्णाला लागतेच असे नाही. आपल्या रुग्णाला द्यायचे की नाही आणि का, एवढे विचारून घ्यावे.

आणि ज्या हातावर फिस्टुला आहे, त्या हाताला त्या दिवशीही सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा लावू देऊ नये. नव्या वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना हे माहीत असेलच असे नाही. रुग्णासोबत थांबलेल्याने पहिल्यांदा हेच सांगावे.

नंतरचे चोवीस तास

इटलीतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ६८,२७६ लिव्हर बायोप्सींचा आढावा घेतला होता. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. जे त्रास झाले त्यांतले सुमारे ६१ टक्के पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्के चोवीस तासांच्या आत उघड झाले, असे त्यात दिसले. याचा अर्थ आपल्यासाठी सरळ आहे. एरवीचा रुग्ण काही तासांनी घरी जाऊ शकतो, पण किडनीच्या रुग्णाने रात्रभर रुग्णालयात थांबणे शहाणपणाचे.

पोटातून बायोप्सी झाल्यावर सहसा काही तास झोपवून ठेवतात, अनेक ठिकाणी उजव्या कुशीवर. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब पाहतात. उजव्या खांद्यात थोडे दुखणे अनेकांना होते. लिव्हरच्या वरच्या पडद्याची जाणीव खांद्यात उमटते म्हणून ते होते. दुखणे वाढत चालले, नाडी जलद झाली, घाम आला, चक्कर आली, पोट ताठ झाले, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता लगेच नर्सला बोलवावे. दुखण्यासाठी वॉर्डातून मिळेल तीच गोळी घ्यावी. बाहेरून आणलेली दुखण्याची गोळी किडनीलाही वाईट आणि रक्तस्रावालाही.

पुढचे डायलिसिस कधी आणि हेपॅरिनशिवाय करायचे का, हे सुट्टी होण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे. क्वचित रक्तस्राव काही दिवसांनीही होतो आणि रक्त पित्तनळीतून आतड्यात उतरते. घरी गेल्यावर काळी शौच, कावीळ किंवा पोटात कळा दिसल्या तर "बायोप्सी होऊन आठवडा झाला, त्याचा काय संबंध" असे म्हणून घरी बसू नये.

नकाराचीही किंमत असते

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की एवढी भानगड असेल तर नकोच. पण बायोप्सी न करण्यालाही किंमत असते. लिव्हरची खरी अवस्था न कळता किडनी बदलली आणि नंतर लिव्हर कोलमडले, तर दात्याची किडनी आणि रुग्णाचा जीव दोन्ही पणाला लागतात. औषधाने झालेली कावीळ ओळखली नाही तर तेच औषध चालू राहते. आणि उलटही घडते. सोनोग्राफीत खडबडीत दिसलेले लिव्हर बायोप्सीत बऱ्यापैकी चांगले निघते आणि थांबलेले ट्रान्सप्लांट पुढे सरकते.

दिलासा देणारी गोष्ट ही की हिपॅटायटिस सी आज गोळ्यांनी बरा होतो. बहुतेक रुग्णांना बारा आठवड्यांचा कोर्स पुरतो आणि शंभरात पंचाण्णवच्या आसपास रुग्ण विषाणूमुक्त होतात. डायलिसिसवर असलेल्यांनाही चालतील अशी औषधे आता आहेत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. ट्रान्सप्लांट ठरले असेल तर गोळ्या त्याआधी घ्यायच्या की नंतर, हे दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते.

कागदावर उतरवून घ्या

डॉक्टरांसमोर बसले की सुचलेले प्रश्न विसरतात. म्हणून हे एका कागदावर लिहून न्यावेत :

१. बायोप्सीतून जे कळेल त्याने इलाजात नेमका काय बदल होईल?
२. फायब्रोस्कॅन झाले आहे का? ते डायलिसिसच्या आधी झाले की नंतर?
३. पोटातून करणार की मानेतून? याच रुग्णासाठी ती वाट का?
४. आधीचे आणि नंतरचे डायलिसिस हेपॅरिनशिवाय होणार का? डायलिसिस केंद्राला कोण कळवणार?
५. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब किती हवा, आणि आज किती आहे?
६. कोणती गोळी थांबवायची, कधीपासून, आणि पुन्हा कधी सुरू करायची?
७. डेस्मोप्रेसिन देणार का?
८. रात्रभर ठेवणार का? रक्तस्राव झालाच तर तो थांबवण्याची सोय याच रुग्णालयात आहे का?

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर "काहीच बदल होणार नाही" असे आले तर बायोप्सी कशासाठी, हे पुन्हा एकदा बोलावे. उत्तर "यावरच पुढचे सगळे ठरेल" असे आले तर बाकीच्या सात प्रश्नांची उत्तरे घेऊन निर्धास्तपणे तयारीला लागावे. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर ते मराठीत किंवा उर्दूत समजावून मागावे. तो रुग्णाचा हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर याचा राग धरत नाहीत. रुग्ण घरातली अम्मी किंवा खाला असेल तर तिलाही समोर बसवून तिच्या भाषेत सांगावे. सुई तिच्या शरीरात जाणार आहे, प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क तिचाच.